जुन्या ओम्नीला विजेचा हात : वर्कशॉपमध्ये बांधलेली हलकी हायब्रिड

पेट्रोल गाडीला छोटी मोटर आणि बॅटरी जोडायची, इंजिन जागच्या जागी ठेवायचं, आणि गाडी जिथे जास्त पेट्रोल पिते तिथे मोटरने हातभार लावायचा, एवढाच हलक्या हायब्रिडचा अर्थ आहे. ही इलेक्ट्रिक गाडी नव्हे. मोटर बंद पडली तर गाडी पूर्वीसारखी पेट्रोलवर चालली पाहिजे, ही माझी पहिली अट होती आणि पुढचा प्रत्येक निर्णय मी तिच्यावर घासून घेतला.

माझं कोल्हापुरात छोटं वर्कशॉप आहे. गाडी आहे मारुती ओम्नी, कार्ब्युरेटरवाली, ७९६ सीसी. आमच्या मळ्यात रोपवाटिका आहे. तिथल्या खासगी वाटांवरून ती रोज रोपांचे क्रेट, खत आणि माणसं घेऊन अठराएक किलोमीटर फिरते. चढ, उतार, दर दोनशे मीटरवर थांबा. असल्या कामात इंजिनाचे सगळ्यात जास्त हाल होतात आणि मोटरचा उपयोगही इथेच सगळ्यात जास्त होतो.

आधी कायद्याचं

हे शेवटी सांगून चालणार नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करून ती रस्त्यावर आणता येत नाही. हायब्रिड किट बसवण्याची तरतूद नियमांत आहे, पण ते किट एआयएस-१२३ या मानकानुसार तपासून मंजूर झालेलं हवं, मान्यताप्राप्त ठिकाणी बसवलेलं हवं आणि त्याची नोंद आरसी बुकावर व्हायला हवी. घरी बांधलेल्या जोडणीला ही मंजुरी नसते आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. म्हणून इथे सांगितलेली गाडी शेतात, कारखान्याच्या आवारात किंवा कॉलेजच्या प्रोजेक्टसाठीच. शाळेची मुलं नेणाऱ्या व्हॅनवर हा प्रयोग करायचा विचारही मनात आणू नका.

मोटर लावायची कुठे?

तीन जागा आहेत. पहिली, इंजिनाच्या पुढच्या पुलीवर पट्ट्याने. पुण्याच्या केपीआयटीने भारत फोर्जबरोबर २०१० मध्ये 'रेव्होलो' नावाचं किट जाहीर केलं होतं, त्यातली मोटर अशीच इंजिनाच्या पुलीला जोडलेली होती. ब्रेक आणि चाकांना हात लागत नाही हे उत्तम, पण मोटर इंजिनाच्या उष्णतेत बसते आणि तिला कायम इंजिनालाही फिरवावं लागतं.

दुसरी, मागच्या चाकांत हब मोटर. पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्यांना, म्हणजे मारुती ८०० सारख्यांना, हाच मार्ग सगळे सुचवतात. माझा विरोध आहे. हब मोटर बसवायला मूळ ब्रेक ड्रम काढावा लागतो आणि त्या जागी आपण जुळवलेला ब्रेक येतो. गाडीत ज्याला कधीही हात लावू नये अशी एकच वस्तू निवडायची झाली तर मी ब्रेक निवडेन.

तिसरी जागा ओम्नी, ईको, जुनी जीप अशा मागून ओढणाऱ्या गाड्यांनाच मिळते : प्रोपेलर शाफ्ट. ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखाली, आणि हा लांब दांडा म्हणजे शाफ्ट मागे डिफरन्शियलला, म्हणजे मागच्या ॲक्सलमधल्या गिअरच्या गोळ्याला. या शाफ्टला मोटरने ढकलायचं. डिफरन्शियल मोटरचा फिरवण्याचा जोर पाचपट करून चाकाला देतं, ब्रेक तसेच राहतात, हब तसाच राहतो. मी हेच केलं.

इ-रिक्षाचा मोटरसकट तयार ॲक्सल स्वस्तात मिळतो, तो का नाही, असं बरेच जण विचारतात. तो २५ किलोमीटर वेगासाठी बनलेला असतो. त्याचा गिअर साधारण दहाच्या आसपास धरला तर ताशी ६० ला मोटर मिनिटाला सहा हजार फेऱ्यांच्या जवळ जाईल. ती टिकणार नाही.

पायरी पहिली : आधी आहे ती गाडी दुरुस्त करा

निम्मा फायदा इथेच असतो आणि तो फुकटात मिळतो. टायरची हवा, घासणारे ब्रेक शू, व्हील बेअरिंग, प्लग, एअर फिल्टर, कार्ब्युरेटरची ट्यूनिंग. मग ही चाचणी घ्या : सपाट सरळ वाटेवर ताशी ४० ला गाडी न्यूट्रल करा आणि वेग २० वर यायला किती सेकंद लागतात ते मोजा. दोन्ही दिशांनी तीन-तीन वेळा. चाचणीभर इंजिन चालूच ठेवा.

माझी व्हॅन पहिल्यांदा २३ सेकंदांत २० वर आली. मागचा डावा ड्रम हाताला चटका देत होता. शू मोकळे केले, हवा भरली, आणि तीच व्हॅन ३१ सेकंद पळाली. मोटर अजून खोक्यातच होती!

त्यानंतर दोन आठवडे टाकी फुल करून पेट्रोलचा हिशेब लिहा. माझं ॲव्हरेज लिटरला ११.२ आलं. हा आकडा हातात नसेल तर पुढे फरक पडला की नाही ते फक्त मनाचे खेळ.

पायरी दुसरी : फेऱ्यांचं गणित आणि मोटरची निवड

डिफरन्शियलचा गिअर रेशो पुस्तकात शोधू नका, मोजा. गाडी न्यूट्रलला घ्या, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडं लावा, मागची दोन्ही चाकं उचलून गाडी घोड्यांवर (लोखंडी तिवयांवर) टेका. एक चाक कोणाला तरी घट्ट धरायला लावा आणि दुसरं बरोबर दोन फेऱ्या फिरवा. तेवढ्यात शाफ्ट जितक्या फेऱ्या फिरेल तोच रेशो. शाफ्टवर खडूची खूण करून मोजा. माझ्याकडे पाचच्या जरा वर, ५.१ धरला.

ओम्नीच्या १४५ आर १२ टायरचा घेर साधारण १.६९ मीटर. ताशी ४० म्हणजे मिनिटाला ६६७ मीटर, म्हणजे चाकाच्या ३९५ फेऱ्या, म्हणजे शाफ्टच्या साधारण २,०००. ताशी ६० ला ३,००० आणि ८० ला ४,०००. बाजारात मिळणाऱ्या ४८ व्होल्टच्या बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी) मोटरला हा वेग अगदी सोयीचा पडतो. मोटर आणि शाफ्ट यांच्या पुली सारख्याच दातांच्या ठेवता येतात.

पण इथे एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलो होतो. मोटर फिरवली की ती जनरेटरसारखा विजेचा उलटा दाब (व्होल्टेज) तयार करते. मी पहिल्यांदा ३,००० फेऱ्यांची मोटर घेतली. चाकं उचलून, बॅटरी तोडलेली ठेवून, इंजिनावर चौथ्या गिअरला वेग ८० पर्यंत नेला. शाफ्ट ४,००० वर गेला आणि मोटरने जवळपास ७० व्होल्ट उलटे फेकले. कंट्रोलर म्हणजे बॅटरीची वीज मोटरला मोजून देणारा डबा, त्यातले कपॅसिटर ६३ व्होल्टपर्यंतच टिकणारे. फटाका फुटावा तसा आवाज झाला आणि दोन दिवस वर्कशॉपला जळका वास येत होता. बॅटरी जोडलेली असती तर तो दाब बॅटरीत घुसला असता आणि गाडीला कोणी न सांगता ब्रेक लागला असता. दोन्ही वाईट.

म्हणून नियम असा : गाडी ज्या कमाल वेगाला कधी जाऊ शकेल, त्या वेगाच्या फेऱ्यांपेक्षा मोटरच्या बिनलोड फेऱ्या जास्त हव्यात. मी ३ किलोवॅटची, ४८ व्होल्टला सुमारे ४,८०० फेऱ्यांची मोटर घेतली आणि कंट्रोलर ७२ व्होल्टचा, आतले कपॅसिटर १०० व्होल्टचे. विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबू नका. मोटरच्या शाफ्टला ड्रिल लावा, १,००० फेऱ्यांवर फिरवा, मोटरच्या तीन फेजच्या तारांपैकी कोणत्याही दोन तारांमध्ये एसी व्होल्ट मोजा आणि १.४१ ने गुणा. माझ्या मोटरचं उत्तर १०.६ आलं. म्हणजे ५१ व्होल्टला, ४८ म्हणवणाऱ्या माझ्या बॅटरीच्या प्रत्यक्ष दाबाला, ती ४,८०० ला पोहोचते. हिशेब जुळला.

अशी जास्त वेगाची मोटर घेतली की जोर थोडा कमी मिळतो. माझ्या जोडणीत चाकाला साधारण ३० किलोची ढकल मिळते. एक तगडा गडी सतत मागून व्हॅन ढकलतोय असं समजा. भरलेली व्हॅन, म्हणजे सुमारे १,००० किलो, सपाटीवर ताशी ३० ने न्यायला साधारण १७ किलोची ढकल लागते. तेव्हा एवढी मोटर पुरते.

पायरी तिसरी : पुली आणि मोटरची बैठक

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

प्रोपेलर शाफ्टच्या मधोमध पुली बसवता येत नाही, कारण मागचा ॲक्सल पाट्यांवर वर-खाली होतो आणि शाफ्ट त्याबरोबर तिरका होतो. स्थिर जागा एकच : डिफरन्शियलच्या तोंडाशी असलेला पिनियनचा (आतल्या छोट्या गिअरचा) फ्लँज, म्हणजे शाफ्ट जिला बोल्टने जोडतात ती चकती. तो ॲक्सलच्या हाउसिंगच्या मानाने कधीच हलत नाही. म्हणून पुली त्या फ्लँजवर आणि मोटर हाउसिंगवर. ॲक्सल उडाला तर मोटरही बरोबर उडते आणि पट्ट्याचं अंतर बदलत नाही.

शाफ्ट सोडण्याआधी दोन्ही फ्लँजवर रंगाची एक रेघ ओढा, म्हणजे परत बसवताना तो त्याच जागी बसेल. चार बोल्ट काढा, शाफ्ट खाली घ्या. पिनियनच्या मधल्या मोठ्या नटला पाना लावू नका. त्या नटवर आतल्या बेअरिंगचा ताण ठरलेला असतो. तो हलला की थोड्याच दिवसांत डिफरन्शियल रडायला लागतं.

आता पुली. उद्यमनगरातल्या टर्नरकडे मी फ्लँजची मापं कागदावर नेली, तर त्यांनी मला परत पाठवलं : "माप नको, शाफ्टच घेऊन या." त्यांचंच बरोबर होतं. शाफ्टच्या टोकाचा फ्लँज समोर ठेवून त्यांनी ॲल्युमिनियमची ४८ दातांची, एचटीडी ८एम जातीची (गोलसर दात, ८ मिलिमीटर अंतरावर), ३० मिलिमीटर रुंद पट्ट्याची पुली कातली. मधला पत्रा १० मिलिमीटरचा ठेवला, तो दोन फ्लँजच्या मध्ये सँडविचसारखा बसतो आणि दातांचा कडा फ्लँजच्या बाहेरून येतो. बोल्ट मूळ बोल्टांपेक्षा १० मिलिमीटर जास्त लांब घेतले, पण ताकदीचा दर्जा मूळ बोल्टांवर कोरलेला होता तोच. साधे बोल्ट इथे चालणार नाहीत.

पुलीमुळे शाफ्ट १० मिलिमीटर पुढे सरकतो आणि गिअरबॉक्समधली सरकती बाजू तेवढी आत जाते. मागे पूर्ण वजन टाकून, पाटे दबलेल्या अवस्थेत, तिला अजून आत जायला किमान १५ मिलिमीटर जागा उरते का ते ग्रीसच्या खुणेवरून बघा. उरत नसेल तर शाफ्ट तेवढा कापून, वेल्ड करून, बॅलन्स करून घ्यावा लागेल. हे काम शाफ्ट बॅलन्स करणाऱ्याकडूनच करून घ्या.

पुली बसवली की डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) लावा. थरथर ०.१ मिलिमीटरच्या आत हवी. पहिल्यांदा माझी ०.३ होती. फ्लँजवरचा गंज कानशीने नव्हे तर पॉलिश पेपरने साफ केल्यावर ती ०.०८ वर आली.

मोटरच्या बैठकीसाठी लोखंड कापायच्या आधी पुठ्ठ्याची मोटर बनवा, खऱ्या मापाची. गाडीखाली झोपून ती बसवून बघा आणि ॲक्सल जॅकने पूर्ण वर नेऊन बघा. पेट्रोलची टाकी, ब्रेकची नळी, सायलेन्सर, यांपासून किमान दोन बोटं अंतर हवं, आणि मोटर डिफरन्शियलच्या पोटापेक्षा खाली लोंबता कामा नये. माझी पुठ्ठ्याची मोटर पहिल्या दिवशी हँडब्रेकच्या केबलवर टेकली. लोखंडाची असती तर पुन्हा सगळं कापावं लागलं असतं.

बैठक ८ मिलिमीटर प्लेटची, ॲक्सलच्या नळीला दोन यू-बोल्टने आवळलेली आणि पुढून हाउसिंगच्या बोल्टला एका आधाराच्या पट्टीने धरलेली. ॲक्सलच्या नळीवर वेल्डिंग करू नका, उष्णतेने नळी वाकते. पट्टा ताणायला मोटरचे बोल्ट लांबट खाचांत ठेवा. पट्ट्यावर पत्र्याचं झाकण हवंच. एक खडा दातात अडकला तरी पट्टा फाटतो. आणि त्या झाकणाला खाली छिद्रं ठेवा, नाहीतर पावसाळ्यात चिखलाचा डबा तयार होतो.

पायरी चौथी : बॅटरी

मी लिथियम आयर्न फॉस्फेटचे, म्हणजे एलएफपीचे १६ सेल एकापुढे एक जोडले. सर्वसाधारण दाब ५१.२ व्होल्ट, पूर्ण चार्ज झाल्यावर ५८.४. साठ व्होल्टच्या आत राहण्याला महत्त्व आहे. डीसी ६० व्होल्टच्या वर गेला की अंगाला लागलेला झटका जिवावर बेतू शकतो. मोठ्या कंपन्यांनी हलक्या हायब्रिडसाठी ४८ व्होल्टची पद्धत धरली त्यामागे हेही एक कारण आहे. घरगुती कामाला ७२ किंवा ९६ व्होल्टच्या मोहात पडू नका. साठच्या आतही शॉर्ट सर्किट झाला तर पाना वितळतो, तेव्हा अंगठी, घड्याळ, साखळी काढून आणि पान्यांना इन्सुलेशन टेप गुंडाळूनच काम करा.

सेल किती अँपिअर-तासांचे? रोजच्या ऊर्जेसाठी ५० चे पुरले असते. पण ३ किलोवॅट म्हणजे ६० अँपिअर, चढावर ते १०० च्या जवळ जातं. ५० च्या सेलवर हा भार जड होतो, सेल तापतात. १०० च्या सेलला तोच भार सहज झेपतो आणि रोज पाचवा भागच वापरला जातो, त्यामुळे आयुष्यही वाढतं. वजन पेटीसकट ४२ किलो. मोटर, बैठक, तारा धरून एकूण ६५ किलो, म्हणजे एक माणूस. तेवढं सामान व्हॅनमध्ये कमी भरायचं.

पेटी पुढच्या सीटमागे, जमिनीलगत, दोन ॲक्सलच्या मध्ये. पुढच्या सीटखाली इंजिन आहे, तिथे नको, एलएफपीला ४५ अंशांच्या वरचा ताप मानवत नाही. धडक बसली तर ४२ किलोची पेटी चालकाच्या पाठीत येऊ नये म्हणून मी तिच्या वजनाच्या २० पट ओढ धरून बांधणी केली. इथे बोल्ट तुटत नाही, पत्रा फाटतो. म्हणून खालून ४ मिलिमीटरच्या रुंद पट्ट्या घालून, चासीच्या आडव्या दांड्यांतून बोल्ट न्या.

बीएमएस, म्हणजे प्रत्येक सेलवर लक्ष ठेवून गरज पडली की वीज तोडणारा सर्किट बोर्ड, १५० अँपिअरचा घेतला. सेल जोडण्याआधी सगळे समांतर जोडून एकाच दाबावर आणा. हे टाळलं तर एक सेल कायम मागे राहतो आणि बीएमएस सारखा तोडत बसतो.

पायरी पाचवी : वायरिंग

बॅटरीच्या प्लसपासून एका वितीच्या आत १२५ अँपिअरचा डीसी फ्यूज, मग हाताने ओढायचा स्विच चालकाच्या हाताशी, मग डीसी कॉन्टॅक्टर (जास्त प्रवाह जोडणारा-तोडणारा मोठा रिले), मग कंट्रोलर. घरातली एसीची एमसीबी इथे चालणार नाही. डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही, ती तशीच जळत राहते.

४८ व्होल्टचा मायनस गाडीच्या पत्र्याला जोडू नका. गाडीचं १२ व्होल्टचं वायरिंग आणि हे वायरिंग पूर्ण वेगळं ठेवा, दोघांची गाठ फक्त कॉन्टॅक्टरच्या कॉइलपाशी. अल्टरनेटर तसाच राहू द्या.

कॉन्टॅक्टरच्या दोन टोकांवर १०० ओहमचा, १० वॅटचा रेझिस्टन्स एका छोट्या स्विचमधून लावा. आधी तो स्विच, तीन सेकंद थांबायचं, मग कॉन्टॅक्टर. कंट्रोलरचे कपॅसिटर हळू भरतात. थेट जोडलं तर प्रत्येक वेळी ठिणगी पडून कॉन्टॅक्टरचे पॉइंट चिकटतात, आणि चिकटलेला कॉन्टॅक्टर म्हणजे बंद न होणारी मोटर.

तारा २५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या, त्यांच्या टोकांचे लग (बोल्टला जोडायची तांब्याची टोकं) हायड्रॉलिक प्रेसने दाबलेले. हातोड्याने ठोकलेला लग सहा महिन्यांत तापायला लागतो. मोटरच्या तीन फेजच्या तारा ॲक्सलवरून बॉडीकडे जाताना सैल वेटोळं घालून न्या, कारण त्या दिवसातून हजार वेळा वाकतात. हॉल सेन्सरचं (चुंबकावरून मोटरची स्थिती ओळखणाऱ्या सेन्सरचं) कनेक्टर रबरी सीलवालं घ्या आणि मोटरजवळ न ठेवता वर बॉडीत ठेवा.

पायरी सहावी : मोटर केव्हा चालू नये

मोटर चालवणं सोपं आहे, तिला योग्य वेळी गप्प बसवणं महत्त्वाचं. ॲक्सिलरेटरच्या केबलला मी हॉल सेन्सरचा थ्रॉटल, म्हणजे पेडल किती दबलं ते कंट्रोलरला सांगणारा भाग, जोडला. पेडल पहिल्या निम्म्या अंतरात दबलं की मोटर पूर्ण मदतीवर येते. कंट्रोलरमध्येच ताशी ४० ची मर्यादा घातली. मग चार तोडण्या.

ब्रेक लाइटचा स्विच : पाय ब्रेकवर पडला की मोटर बंद. हँडब्रेक : तो ओढला असेल तर बंद. चार्जर : प्लग लागलेला असेल तर बंद.

चौथी तोडणी रिव्हर्सची, आणि हिच्याकडे बहुतेक जणांचं लक्ष जात नाही. गाडी रिव्हर्सला टाकली की इंजिन शाफ्टला मागे फिरवणार आणि मोटर पुढे. दोघांची ओढाताण पट्ट्यावर येते. मागच्या पांढऱ्या दिव्याच्या स्विचवरून रिले घेऊन मोटर तोडा.

हॉल थ्रॉटलची काळी तार तुटली तर काही कंट्रोलरना पेडल पूर्ण दाबल्यासारखं वाटतं आणि मोटर सुसाट सुटते. चाकं हवेत असताना थ्रॉटलची एकेक तार उपटून बघा. तीनही वेळा मोटर थांबली पाहिजे. नाही थांबली तर तो कंट्रोलर बदला.

उतारावर मोटरने चार्ज करून घेण्याची सोय मी ठेवली, पण अगदी सौम्य. ताशी ४० वरून थांबताना गाडीत १७ वॅट-तास असतात, त्यातले पाच-सहा परत मिळाले तरी खूप. तेवढ्यासाठी ओल्या मातीत फक्त मागची चाकं अडवून गाडी घसरवायची नाही. आणि बॅटरी कधी काठोकाठ भरू नका. भरलेल्या बॅटरीत उतारावरची वीज घुसली की बीएमएस तोडतो आणि ती सगळी कंट्रोलरवर येते. मी ९० टक्क्यांवर थांबतो.

पायरी सातवी : चाचणी

चाकं घोड्यांवर, पुढे लाकडं, हाताशी विजेच्या आगीसाठीचं पावडरचं अग्निशामक. आधी इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, मोटर हळूच. दिशा बरोबर आहे का? पट्टा पुलीच्या कडेला जातोय का? पाच मिनिटांनी थांबवून प्रत्येक लग हाताने बघा, हात ठेवता येत नसेल तर तो लग पुन्हा दाबा. मग प्रत्येक तोडणी तीन-तीन वेळा. मग इंजिन चालू करून गिअरमध्ये, आणि त्यानंतरच जमिनीवर, रिकाम्या आवारात, चालत्या माणसाच्या वेगाने.

पहिल्या १०० किलोमीटरनंतर पट्टा पुन्हा ताणा आणि पुलीचे चारही बोल्ट टॉर्क पान्याने तपासा.

चालवायची कशी

मोटर बसली म्हणजे पेट्रोल आपोआप वाचतं असं नाही. मोटर मदत करते तेव्हा इंजिनावरचा भार कमी होतो, आणि कमी भाराचं पेट्रोल इंजिन ऊर्जेची जास्त नासाडी करतं. सगळा फायदा गिअर लवकर बदलण्यात आहे.

चौथ्या गिअरला इंजिन आणि शाफ्ट साधारण एकाच वेगाने फिरतात. ताशी ३० ला म्हणजे इंजिनाच्या १,५०० फेऱ्या. एरवी या वेगाला चौथा टाकला तर व्हॅन धापा टाकते आणि आपण मुकाट्याने तिसऱ्यावर येतो. मोटर ती धाप भरून काढते. इंजिन कमी फेऱ्यांवर, भरल्या भाराने चालतं, आणि याच अवस्थेत ते पेट्रोलचा सगळ्यात चांगला उपयोग करतं. मळ्यातला गडी पहिले आठ दिवस जुन्या सवयीने चालवत होता, ॲव्हरेज १२.५ आलं. गिअर लवकर टाकायची सवय लागली आणि ते १५.८ झालं.

चालत्या गाडीत इंजिन मात्र बंद करू नका. ज्या व्हॅनला ब्रेक बूस्टर आहे तिचा ब्रेक इंजिन बंद झाल्यावर दगडासारखा कडक होतो. शिवाय न्यूट्रलमध्ये इंजिन बंद ठेवून शाफ्ट फिरत राहिला तर गिअरबॉक्समधलं ऑइल उडवणारा खालचा शाफ्ट थांबलेला असतो आणि वरचे गिअर कोरडे फिरतात. थांब्यावर इंजिन जरूर बंद करा, तिथे खरी बचत आहे.

पैशांचा हिशेब

एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ८.९ युनिट ऊर्जा असते, पण अशा थांबत-चालत वापरात त्यातली दीड युनिटच्या आसपासच चाकाला पोहोचते. त्यावरून, भिंतीच्या प्लगमधून घेतलेलं एक युनिट साधारण ०.४५ लिटर पेट्रोल वाचवतं. माझ्या व्हॅनला रोज एक युनिट लागतं आणि ११.२ वरून १५.८ वर जाण्याने १८ किलोमीटरमागे ०.४७ लिटर वाचतं, म्हणजे हिशेब आणि टाकी एकमेकांना धरून आहेत. पेट्रोल १०५ रुपये आणि वीज १० रुपये धरली तर रोजचे ३९ रुपये, वर्षाला ३०० दिवसांचे ११,७०० रुपये.

माझा एकूण खर्च, फुटलेला कंट्रोलर धरून, सव्वा लाखाच्या आसपास गेला. दहा वर्षांहून जास्त काळ लागेल तो वसूल व्हायला. फक्त पैशांसाठी करायचं असेल तर करू नका, शू मोकळे करा आणि टायरमध्ये हवा भरा. पण भरल्या व्हॅनला विहिरीजवळच्या चढावर पूर्वी क्लच जाळत न्यावं लागायचं, वर्षाला एक क्लच प्लेट ठरलेली. आता पेडल अर्धं दाबलं की व्हॅन शांतपणे वर येते. पुढच्या पावसाळ्याआधी पट्ट्याचं झाकण उघडायचं, चिखल धुवायचा, दात मोजायचे आणि हॉल सेन्सरच्या कनेक्टरला ग्रीस भरायचं, एवढं काम वहीत लिहून ठेवलं आहे.